ऑस्मियम टेट्रॉक्साइड
ऑस्मियम या धातूचे बाष्पनशील व विषारी ऑक्साइड. याच्या रेणूत ऑस्मियमाच्या एका अणूला ऑक्सिजनाचे चार अणू जोडलेले असून ऑस्मियमाची ऑक्सिडीभवन अवस्था +८ असते. इतकी उच्च अवस्था धातूंच्या संयुगांत क्वचितच आढळते. स्मिथसन टेनंट यांनी १८०३ मध्ये प्लॅटिनमाच्या धातुकाचा अम्लराजात न विरघळणारा काळा अवशेष तपासून ऑस्मियमाचा शोध लावला. या ऑक्साइडाच्या उग्र वासामुळेच ‘वास’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून मूलद्रव्यास हे नाव मिळाले.

गुणधर्म : हे फिकट पिवळे व स्फटिकी असून सु. ४०° से. ला वितळते व सु. १३०° से. ला उकळते. धातूंची ऑक्साइडे बहुधा आयनी जालकाची असल्याने ती वितळण्यास उच्च तापमान लागते. येथे मात्र धातूचा अणू ऑक्सिजनाकडील इलेक्ट्रॉन जोराने ओढतो. त्यामुळे बंध सहसंयुजी होतात व स्वतंत्र चतुष्फलकीय रेणू तयार होतात. त्यांच्यातील परस्पर आकर्षण क्षीण असल्यामुळे घनरूपातही त्याचे बाष्प सुटत राहते. ते कार्बन टेट्राक्लोराइडात सहज, तर पाण्यात थोड्या प्रमाणात विरघळते. ऑस्मियमाची बारीक पूड हवेत नुसती ठेवली, तरी हे ऑक्साइड सावकाश तयार होते.

आवर्त सारणीतील लोहाच्या गटात खाली जाताना उच्च अवस्था अधिक स्थिर होत जाते. लोहाची फेरेटांतील +६ अवस्थाही अस्थिर असते. रुथेनियमाचे टेट्रॉक्साइड +८ अवस्थेतील असले, तरी ते अधिक प्रखर ऑक्सिडीकारक असून १००° से. च्या वर तापविल्यास त्याचा स्फोट होऊ शकतो. इरिडियमाची +९ अवस्था २०१४ मध्ये वायुरूपातील टेट्रॉक्साइड आयनात आढळली.

उपयोग : कार्बन-कार्बन द्विबंधाच्या एकाच बाजूस दोन हायड्रॉक्सिल गट जोडण्यासाठी हे वापरतात. ते महाग व विषारी असल्याने अल्प प्रमाणात उत्प्रेरक म्हणून घेऊन दुसऱ्या स्वस्त ऑक्सिडीकारकाने पुन्हापुन्हा मूळ अवस्थेत आणले जाते. या विक्रियेच्या असममित प्रकारासह केलेल्या कार्याबद्दल बॅरी शार्पलेस यांना २००१ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पहावयाच्या ऊतकांतील असंतृप्त वसांशी संयोग पावून हे कोशिकांची पटले स्थिर व गडद करते.

विषारीपणा : याच गुणधर्मामुळे ते धोकादायक ठरते. बाष्पाने डोळे, त्वचा व श्वसनमार्ग यांचा दाह होतो. स्वच्छमंडलावर काळे क्षपित ऑक्साइड साचून दृष्टीला इजा पोहोचते. म्हणून ते बंद काचनळ्यांत ठेवतात व बाष्पशोषक कपाटातच हाताळतात. सांडल्यास त्यावर असंतृप्त वनस्पती तेल ओततात. तेलाने त्याचे क्षपण होऊन काळा, बाष्पनशील नसलेला पदार्थ बनतो.