इलेक्ट्रॉनीय प्रज्वलन

इलेक्ट्रॉनीय प्रज्वलन : पेट्रोल एंजिनातील हवा व इंधन यांचे मिश्रण पेटविणाऱ्या विद्युत् ठिणगीची वेळ यांत्रिक स्विचाऐवजी ट्रँझिस्टराने साधण्याची पद्धत.

मोटारगाडीच्या विद्युत् घटमालेचा दाब सु. १२ व्होल्ट असतो. ठिणगी-गुडदीच्या फटीतून ठिणगी उडण्यास मात्र हजारो व्होल्ट लागतात. यासाठी प्रज्वलन वेटोळे वापरतात. त्याच्या थोड्या वेढ्यांच्या प्राथमिक गुंडाळीतील प्रवाह एकाएकी तोडला की, चुंबकीय क्षेत्र झपाट्याने नाहीसे होते व पुष्कळ वेढ्यांच्या द्वितीयक गुंडाळीत उच्च दाब प्रवर्तित होतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी चार्ल्स केटरिंग यांनी रूढ केलेल्या पद्धतीत हा प्रवाह कॅमने उघडणारे स्पर्शबिंदू तोडीत. गॅरेजांत त्यांना ‘पॉइंट’ म्हणतात. मुंबईत कुर्ला येथे तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनी मोटारगाडीत हीच योजना होती. पॉइंट जळतात, झिजतात व ठिणगीची वेळ ढळते. चार सिलिंडरांच्या, चार धावांच्या एंजिनाला मिनिटास ३,००० फेऱ्यांच्या वेगाने सेकंदास १०० ठिणग्या लागतात आणि एका मिलिसेकंदात भुजादंड १८ अंश फिरतो. म्हणून अल्पशी चूकही जाणवते. खोपोलीहून बोरघाट चढताना एंजिनावर भार येऊन सिलिंडरातील दाब वाढतो व ठिणगीला अधिक व्होल्ट लागतात. झिजलेले पॉइंट येथेच अपुरे पडतात. एंजिन अडखळते व न जळलेले पेट्रोल वाया जाते.

इलेक्ट्रॉनीय पद्धतीत भुजादंडाबरोबर फिरणाऱ्या दातेरी चक्राची स्थिती संवेदक ओळखतो. एंजिनाचा वेग, भार व तापमान पाहून नियंत्रक योग्य क्षण ठरवितो आणि ट्रँझिस्टर प्रवाह तोडतो. ज्योत पसरण्यास वेळ लागत असल्याने वाढत्या वेगाबरोबर ठिणगी आधी पाडतात. एंजिनात ठोके उमटू लागल्यास ती थोडी उशिरा पाडतात. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र वेटोळे दिल्यास वितरक लागत नाही व पावसाळ्यात त्याच्या ओलसर झाकणावरून होणारी विद्युत् गळती टळते.

अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९७३ च्या मोटारगाड्यांत ही पद्धत सरसकट वापरली. भारतात मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारगाड्यांना उत्प्रेरकी परिवर्तक सक्तीचा झाला. ठिणगी चुकल्यास न जळलेले इंधन परिवर्तकात पेटून तो अतितप्त होतो व निकामी होऊ शकतो; त्यामुळे अचूक प्रज्वलनाचे महत्त्व वाढले.

या पद्धतीत पॉइंटांची देखभाल उरत नाही. गुडद्या मात्र झिजतातच. त्यांची फट रुंदावली की वेटोळ्यावर ताण येतो, म्हणून त्या वेळेवर बदलणे आवश्यक असते.