उसातल्या बिबट्याचा नंबर

बिबट्याला एक नंबर आहे. ५९९.७५५४.

हा नंबर वन विभागानं दिलेला नाही आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातल्या कुठल्या पिंजऱ्यावरही तो लिहिलेला नाही. तो असतो पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेल्या टीचभर चिठ्ठीवर. नैरोबी असो, न्यूयॉर्क असो की पुणे, ड्युई दशांश पद्धत वापरणाऱ्या ग्रंथालयात शिरा आणि या आकड्याच्या मागं जा. भाषा येत नसली तरी चालेल. तुम्ही बरोबर बिबट्यापाशी पोहोचाल!

आणि एकट्या बिबट्याचंच कशाला? नारायणगावच्या बाजारात ज्याच्या क्रेटच्या थप्प्या लागतात, त्या टोमॅटोचा नंबर ६३५.६४२. जुन्नरच्या द्राक्षांचा ६३४.८. उसाचा ६३३.६१. तुम्ही आत्ता वाचताय त्या भाषेतल्या साहित्याचा ८९१.४६. सगळं जग असं आकड्यांत बसवून ठेवलंय, आणि आपण त्या कपाटांसमोरून रोज जातो.

हे आकडे आले कुठून? १८७६ साली मेल्विल ड्युई नावाच्या चोवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणानं अवघ्या ४४ पानांची एक पुस्तिका छापली. कल्पना अशी: माणसाच्या साऱ्या ज्ञानाचे दहा भाग करा, प्रत्येक भागाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. पिनकोड डोळ्यांसमोर आणा. जुन्नरचा ४१०५०२. पहिला ४ वाचला की पत्र पश्चिम आणि मध्य भारताच्या एका मोठ्या पट्ट्यात येतं, पुढच्या प्रत्येक अंकाला वर्तुळ लहान होत जातं आणि सहाव्या अंकाला ते जुन्नरच्या टपाल कार्यालयात पडतं. (ही पिनकोडची योजना १९७२ साली आणली ती श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, संस्कृतात नाटकं लिहिणाऱ्या एका मराठी माणसानं. हेही एक आश्चर्यच.) ड्युईचे आकडे अगदी तसेच चालतात. ५०० म्हणजे विज्ञान, ५९० प्राणी, ५९९ सस्तन, ५९९.७ मांसभक्षक, ५९९.७५ मार्जारकुळ, आणि आणखी दोन पावलं टाकली की बिबट्या. वाघ शेजारीच, ५९९.७५६ वर.

यातली खरी जादू त्या दशांश चिन्हात आहे. समजा, उद्या एखाद्या नव्याच विषयावर पुस्तक आलं, तर त्याला जागा कुठून आणायची? पण ५९९.७५ आणि ५९९.७६ यांच्यामध्ये किती संख्या मावतात? अगणित! कपाट भरेल, खोली भरेल, आकडे कधीच संपणार नाहीत. पुढची हजार वर्षं माणसं नवे विषय शोधत राहिली तरी प्रत्येकाला दोन जुन्या शेजाऱ्यांच्या मध्ये हक्काची जागा मिळेल.

ही सोय केवढी मोठी आहे ते पाहायला जुन्नर तालुक्यातच नाणेघाटात जायला हवं. तिथल्या लेण्याच्या भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेच्या काळातला, दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. यज्ञात काय काय दान दिलं याची ती यादी: गाई, घोडे, कार्षापण नाणी. त्यात २४,४०० ही संख्यासुद्धा कोरलेली आहे. पण कशी? वीस हजारांची खूण वेगळी, चार हजारांची वेगळी, चारशेची वेगळी. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. त्या पद्धतीत बिबट्याचा नंबर लिहिताच आला नसता. शून्य आणि स्थानमूल्य पुढं याच देशात आकाराला आलं, अरबांमार्फत युरोपात गेलं, तिथून अमेरिकेत ड्युईच्या हाती लागलं आणि पुस्तकांच्या पाठीवर बसून आपल्या तालुक्यात परत आलं. केवढा हा वळसा!

आता एक पेच. जुन्नर-आंबेगावात धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला. दाट, उंच, बारमाही उसात बिबट्यांना लपायला जागा मिळाली. माद्या तिथंच पिल्लं घालू लागल्या, आणि ऊसतोड सुरू झाली की सरीत पिल्लं सापडू लागली. यावर एखादं पुस्तक आलं तर ते ठेवायचं कुठं? ५९९.७५५४ मध्ये, बिबट्यांजवळ? की ६३३.६१ मध्ये, उसाजवळ? पुस्तक एक, जागा एकच. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी एका कपाटात शोधणार, शेतकरी दुसऱ्या.

या पेचानं मद्रासच्या एका गणिताच्या प्राध्यापकाला अस्वस्थ केलं होतं. शियाली रामामृत रंगनाथन. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथं एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडणी बदलली की वेगळं खेळणं! त्यांच्या मनात आलं, विषयाला आधीपासून ठरलेलं घर द्यायचंच कशाला? सुटे भाग तयार ठेवू आणि पुस्तक हातात आलं की जोडू. प्राणी कोणता, प्रश्न कोणता, ठिकाण कोणतं, काळ कोणता; मध्ये विरामचिन्हं टाकून सगळं एका ओळीत. १९३३ साली प्रसिद्ध झालेली ही कोलन वर्गीकरण पद्धत. एका विषयाला अनेक अंगांनी पाहण्याचा हा विचार आज जगभरच्या माहितीशास्त्रात मुरला आहे. खरेदीच्या ॲपवर तुम्ही रंग, माप, किंमत वेगवेगळी निवडून चप्पल शोधता ना, त्यामागंही विचार हाच.

तरीही शेवटी निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवा झाला आणि चिरडला गेला. त्याच्यावरचं पुस्तक चरित्रात लावायचं, स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात की कामगार चळवळीत? शाळकरी मुलगा काय विचारत येईल, म्हातारा वाचक काय विचारत येईल, याचा अंदाज घेऊन ग्रंथपाल एक जागा ठरवतो. तो चुकला तर पुस्तक असून नसल्यासारखं! गावच्या लहान वाचनालयात अजून कादंबरी, कथा, चरित्र, बालसाहित्य अशा ढोबळ कप्प्यांवरच भागवतात. पण तिथंही ग्रंथपालाच्या डोक्यात एक सूक्ष्म नकाशा असतो. कुणाला काय आवडतं, कुणाच्या घरी कोणतं पुस्तक अडकलंय, हे त्याला तोंडपाठ असतं.

आणि त्याच्या टेबलावर असते दाखल नोंदवही. माझ्या मते वाचनालयातली ही सगळ्यात थोर वही. आलेल्या प्रत्येक पुस्तकाला तिच्यात एक दाखल क्रमांक मिळतो, आणि तो दुसऱ्या पुस्तकाला कधीच दिला जात नाही. पुस्तक हरवलं, वाळवीनं खाल्लं, जीर्ण होऊन निर्लेखित झालं, तरी त्याची ओळ राहते. पहिल्या पानापासून वाचत गेलात तर गावानं कोणत्या वर्षी काय वाचायला घेतलं, देणगी कुणी दिली, कोणत्या सालात पैशांची ओढाताण होती, सगळं क्रमानं समोर येतं.

आता जरा मागं सरकून पाहू. हे वाचनालय उभं कोण करतं? तुम्ही म्हणाल, सरकार. आणि इथंच महाराष्ट्राची गंमत आहे. तमिळनाडूत घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा उपकर घेतात, त्यातून ग्रंथालयं चालतात. महाराष्ट्रानं १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, पुढच्या वर्षी ग्रंथालय संचालनालय सुरू झालं, पण असा कर लावला नाही. इथं आधी गावातली माणसं एकत्र येतात, संस्था नोंदवतात, जागा शोधतात, वर्गणी काढतात, पुस्तकं जमवतात, वाचनालय चालवून दाखवतात. मग शासन तपासणी करून मान्यता देतं, अ, ब, क, ड असा वर्ग ठरवतं आणि अनुदान देतं. अशी मान्यताप्राप्त वाचनालयं राज्यात अकरा हजारांहून अधिक आहेत. विचार करा, अकरा हजार ठिकाणी कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं असेल, आपल्या गावात वाचनालय हवं!

कायद्याच्या कितीतरी आधीपासून ही रीत आहे. पुण्याच्या नगर वाचन मंदिराची मुळं १८४८ पर्यंत जातात, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात १९१० पासून अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांच्या मदतीनं गावोगाव ग्रंथालयांचं जाळं विणलं, तेव्हाही सूत्र हेच होतं: गावानं आपला वाटा उभा करायचा, मग पंचायत आणि संस्थान तेवढीच भर घालणार. जिथं वाचनालय नव्हतं तिथं लाकडी पेटीतून पुस्तकं जात.

आणि त्याच्याही मागं गेलं तर? जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत. तिथले शिलालेख वाचून मी थक्क होते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे संघानं, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दिली. कुणी बांबूचं काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. कुणी वीस निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत दिलं. धंद्यातल्या माणसांनी मिळून सार्वजनिक जागा उभारायची, तिच्या खर्चाची कायमची तजवीज करायची आणि सगळ्यांना दिसेल अशी नोंद ठेवायची, हे या मातीत दोन हजार वर्षं चालत आलं आहे.

फक्त आजच्या ठेवीचा हिशोब मांडला की मन खट्टू होतं. ड वर्गाच्या वाचनालयाला २०१२ च्या वाढीनंतर वर्षाला ३० हजार रुपये मिळत. त्यात पुढं ६० टक्क्यांची वाढ झाली, म्हणजे ४८ हजार. यातला निम्मा भाग वेतनाचा. महिन्याला किती आले? दोन हजार रुपये! एवढ्यावर एक माणूस रोज कुलूप उघडतो, वर्तमानपत्रं लावतो, देवघेव सांभाळतो, तपासणीसाठी दप्तर तयार ठेवतो. तो शासकीय कर्मचारी नाही, त्याला वेतनश्रेणी नाही. अशा ग्रंथपालांच्या संघटना वेतनश्रेणीची मागणी वर्षानुवर्षं करत आहेत, आणि ती रास्त आहे. शासन रंगनाथनांच्या नावानं ग्रंथालयांच्या उत्कृष्ट कार्यकर्त्यांना आणि सेवकांना पुरस्कार देतं. त्या नावाला साजेसं वेतनही द्यायला हवं.

कारण या माणसाच्या हातून काय टिकतं ते पाहा. आंबेगाव तालुक्याला ज्या गावानं नाव दिलं ते आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, तालुक्याचं ठाणं घोडेगावात. १८८५ साली पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर तीन भागांत छापलं गेलं. त्यात तेव्हाचा आंबेगाव पेठा, त्याची पिकं, वाटा, डोंगर सगळं नोंदलेलं आहे. गाव बुडालं, पण गावाचं वर्णन कुठल्यातरी कपाटात कोरडं उभं आहे, कुणीतरी त्याला नंबर देऊन जागेवर ठेवलं म्हणून.

तर तुमच्या गावातल्या, पेठेतल्या वाचनालयात या आठवड्यात जा. अनामत भरा, सभासद व्हा, घरातल्या मुलांनाही न्या. तपासणीला येणारे अधिकारी सभासद किती आणि रोजची देवघेव किती, हे पाहतात. तुमच्या नावची एक नोंद वाचनालयाच्या कामी येते. आणि ग्रंथपालांना एवढं जरूर विचारा: बिबट्यावरचं पुस्तक कुठं ठेवलंय?