पिसे, वेड आणि आजार

‘वेड’ हा शब्द मराठी माणूस लाडानेही वापरतो. कुणाला नाटकाचे वेड असते, कुणी गाण्यापायी वेडा होतो, आई लेकराला ‘वेडा गं बाई माझा’ म्हणत जवळ घेते. जुन्या मराठीतल्या ‘पिसे’ या शब्दातही भ्रम आणि अनावर ओढ असे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. महानुभावांच्या गोविंदप्रभुचरित्रात रिद्धपूरचे लोक ज्यांना वेडे समजतात, त्यांनाच देव मानून त्यांच्याकडे गाऱ्हाणी घेऊन जातात. पण हाच शब्द घरातल्या आजारी माणसाला चिकटला की त्यातली सगळी माया आटते. मग मुंबईत ‘ठाण्याला पाठवा याला’ आणि पुण्यात ‘येरवड्याला जागा आहे का बघा’ असे विनोद होतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालये आहेत, एवढाच त्यांना आधार.

हे विनोद मीही केले आहेत. माझी थोरली बहीण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आजारी पडली, तेव्हापासून ते माझ्या तोंडून निघाले नाहीत. शेजारी आपल्याबद्दल कुजबुजतात, रेडिओवरचा निवेदक आपल्यालाच उद्देशून बोलतो, असे ताईला वाटू लागले. पहिली दोन वर्षे अंगारे, उपास आणि ‘लग्न करून द्या, सुधारेल’ या सल्ल्यात गेली. शेवटी डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले : स्किझोफ्रेनिया. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात हे मी कोशात पाहिले आणि घाबरलो. ते नाव ताईला कुणीच सांगितले नाही. आम्ही ते स्वयंपाकघरात, दार लोटून, हळू आवाजात उच्चारत असू.

हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये बर्लिनमधल्या एका व्याख्यानात मांडला. त्याआधी एमिल क्रेपेलिन यांच्या वर्गीकरणामुळे हा आजार ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’, म्हणजे अकाली बुद्धिभ्रंश, म्हणून ओळखला जाई. सगळेच रुग्ण असे खालावत जात नाहीत, हे ब्लॉयलर यांनी पाहिले होते. म्हणून त्यांनी दुभंगणे आणि मन या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून नवे नाव केले. विचार, भावना आणि इच्छा यांची एकमेकांशी असलेली जुळणी सुटते, एवढेच त्यांना सुचवायचे होते. एका देहात दोन माणसे राहतात, असे नाही. तो प्रकार अगदी वेगळा आहे; पण दिवसा सज्जन आणि रात्री खुनी असा नायक पडद्यावर आला की लोक त्याला हेच नाव देऊन मोकळे होतात.

नावाने काय बिघडते, याचे उत्तर जपानमध्ये मिळते. तिथेही आजाराचे नाव ‘मन दुभंगण्याचा रोग’ अशाच अर्थाचे होते. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने ते बदलण्याची मागणी केली आणि २००२ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने ते बदलले. नव्या नावाचा अर्थ साधारणपणे ‘मनाच्या एकसंधतेतील बिघाड’ असा आहे. त्या सुमारास जेमतेम ३७ टक्के रुग्णांना आपले निदान सांगितले जात होते. दोन-तीन वर्षांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या घरात गेले. औषधे तीच होती, डॉक्टर तेच होते. नाव उच्चारता येण्याजोगे झाले, तशी लपवाछपवी कमी झाली.

आता आजाराविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दर ३०० माणसांमागे साधारण एकाला तो होतो. बहुधा तो ऐन तारुण्यात सुरू होतो. त्याची लक्षणे दोन तऱ्हांची. भास आणि संशय ही पहिली तऱ्हा कुणालाही दिसते. दुसरी मात्र सहज ओळखू येत नाही : बोलणे आटते, चेहऱ्यावरचे भाव मावळतात, अंघोळ करून बाहेर पडण्याचीही उमेद उरत नाही. घरचे लोक याला आळस म्हणतात, आणि मला वाटते, या एका शब्दाने जितके मन दुखावते तितके ‘वेडा’ या शब्दानेही दुखावत नसेल. कारणांत आनुवंशिकतेचा वाटा आहे. पण तंतोतंत सारख्या जुळ्यांतही एकाला आजार असला म्हणून दुसऱ्याला तो होतोच असे नाही. करणी, आईचे चुकलेले संस्कार किंवा रखडलेले लग्न ही त्याची कारणे नव्हेत, आणि लग्न हा त्यावरचा उपायही नव्हे.

‘असे लोक हिंसक असतात’ आणि ‘हा आजार कधीच बरा होत नाही’ या दोन समजुतींनी सर्वांत जास्त नुकसान केले आहे. बहुतेक रुग्ण कुणालाही इजा करत नाहीत; उलट त्यांनाच मारहाण, फसवणूक अधिक सोसावी लागते. दुसऱ्या समजुतीचे म्हणाल, तर १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देण्यास सुरुवात झाली आणि उपचारांचे चित्र पालटले. तीन रुग्णांपैकी निदान एक पूर्ण बरा होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतर अनेक जण, मधुमेही माणूस राहतो तसे, औषधासह आपापले आयुष्य जगतात. गोळ्या मनाने बंद केल्या की आजार उलटण्याचा धोका मात्र मोठा. आपल्याकडचे दुखणे निराळेच आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या पाहणीत अशा तीव्र आजाराच्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नसल्याचे दिसले.

औषधाइतकेच घराचे वातावरणही मोजले गेले आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांना असे आढळले की सतत टोमणे, राग किंवा अति काळजी असलेल्या घरी परतलेल्या रुग्णांचा आजार अधिक वेळा उलटतो. पुढे हाच अभ्यास चंदीगडमध्ये झाला, तेव्हा तिथल्या कुटुंबांत अशी टीका पुष्कळ कमी आढळली. एकत्र कुटुंबाचे गोडवे गायला हे कारण पुरेसे नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटात आजारी शेषबरोबर त्याची बहीणही किती दमते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना घरावर पडणारा भार ठाऊक असेल.

दार लोटून घेण्याची परिसीमा तमिळनाडूतल्या एरवाडीला दिसली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथल्या एका आश्रयस्थानाला आग लागली; साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही आणि २८ जण मृत्युमुखी पडले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंडाने बांधण्यास बंदी घातली. मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणालाही वेडसर ठरवता येत नाही, हेही त्यात आले. आणि पुढे आजार बळावला तर आपल्यावर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत, आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क माणसाला मिळाला.

या हक्काविषयी मी ताईला गेल्या वर्षी सांगितले. ती आता साठीला टेकली आहे. सकाळी दूध तीच आणते, वाण्याचा हिशेब तीच ठेवते. आवाज अजून येतात. ‘शेजारच्या घरात रेडिओ लागलाय असं समजायचं आणि आपलं काम करायचं,’ असे ती म्हणते. ती कागद घेऊन बसली. औषधांबद्दल दोन ओळी, माझे नाव, आणि खाली तिने लिहिले : ‘माझ्याविषयी जे बोलायचे ते माझ्यासमोर बोला.’

वाचून मी गप्प झालो. लोक आपल्याबद्दल कुजबुजतात, हा तिचा भ्रम आहे असे आम्ही तिला वर्षानुवर्षे समजावत होतो. शेजाऱ्यांपुरता तो भ्रमच होता. स्वयंपाकघराचे दार लोटून आम्ही मात्र खरोखरच कुजबुजत होतो. आता डॉक्टरांकडे जाताना ताई पुढच्या खुर्चीवर बसते आणि मी मागच्या.