पानातील नत्र आणि धुरातील विष (लेखांक पाचवा)

धूर फुप्फुसात उतरल्यावर पेशींच्या जनुकद्रव्याला कसा झोंबतो हे गेल्या लेखांकात पाहिले. परंतु तो धूर ज्या पानातून निघतो त्याची जबानी घेतल्यावाचून हे प्रकरण पुरे होत नाही. सिगारेटच्या मिश्रणातील दोन प्रमुख जिन्नस म्हणजे व्हर्जिनिया आणि बर्ली या तंबाखूच्या जाती. (निपाणीच्या वखारींत येणारे विडीचे पान उन्हात वाळते, त्याची हकीकत निराळी.) व्हर्जिनियाचे पान बंद भट्टीघरात थोड्या दिवसांत वाळविले जात असल्यामुळे त्यातील पिष्टाची शर्करा होऊन ती तशीच टिकते, बर्लीचे पान मात्र छपराखाली वाऱ्यावर कित्येक आठवडे टांगलेले असते, आणि तेवढ्या अवधीत शर्करा खर्ची घालून मागे ठेवते ती प्रथिने, नायट्रेटे, एकंदरीत नत्राची मोठी शिल्लक.

ही शिल्लक कोठे वटते, हे कळले जंतूंच्या साक्षीने. बर्कलीच्या ब्रूस एम्स यांनी साल्मोनेलाचे असे वाण सिद्ध केले होते की, हिस्टिडीन बाहेरून मिळाल्यावाचून ते वाढू नयेत, आणि एखाद्या द्रव्याने त्यांच्या जनुकातील बिघाड उलटविला तरच बशीत त्यांच्या वसाहती उगवाव्यात. सोबत उंदराच्या यकृताचा अर्कही घालतात, कारण पुष्कळ द्रव्यांना यकृताचा संस्कार झाल्यावरच दात फुटतात. टोकियोत ताकाशी सुगिमुरा व त्यांचे सहकारी यांनी १९७७ च्या सुमारास ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल जाळून निघालेली द्रव्ये या कसोटीला लावली, तेव्हा ती विलक्षण प्रखर ठरली. प्रथिन करपले की, मग ते माशाचे असो वा तंबाखूचे, या कुळीची अमाइने जन्मतात. म्हणूनच बर्लीच्या धुराचा अर्क एम्स यांच्या टीए ९८ या वाणावर व्हर्जिनियापेक्षा अधिक वसाहती उठवितो, आणि पानातील प्रथिने काढून घेतली की तो आकडा उतरतो.

तर मग कमी नत्राचे पान निवडावे, असे कोणी व्यवहारचतुर म्हणेल. पण नायट्रेटापासून ज्वलनात उपजणारी नत्राची ऑक्साइडे बेंझोपायरीनच्या घडणीत आडवी येतात. नत्र घटविले की ते वाढते, आणि याच बेंझोपायरीनचे अपत्य पी-५३ या रक्षक जनुकावर नेमके फुप्फुसाच्या कर्करोगात बिघडलेल्या आढळणाऱ्या जागी चिकटते, असे १९९६ मध्ये दाखविले गेले. उलटपक्षी नत्र वाढविले तर नायट्रोसमाइने वाढतात. आणि त्यांतील अट्टल गुन्हेगार जे एनएनके, त्याच्याविषयी एम्सचे जंतू फारसे बोलतच नाहीत! एका बशीचा आकडा उतरला म्हणून धूर निवळला असा निकाल देणे म्हणजे एकाच साक्षीदाराच्या जबानीवर फैसला करणे होय.

शिवाय एनएनके बव्हंशी पान पेटण्यापूर्वीच तयार झालेले असते. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या भट्टीघरांत गॅसच्या बर्नरची धग थेट पानांवर सोडण्याची चाल पडली, तेव्हा ज्वालेतील नत्राची ऑक्साइडे निकोटीन व त्याच्या सगोत्र अल्कलॉइडांशी संयोग पावून कमी नत्राच्या त्या पानातही नायट्रोसमाइने भरू लागली. पुढे ज्वाला वेगळ्या कप्प्यात कोंडून नुसती ऊब आत सोडली, तेव्हा ती पुष्कळच उतरली.