राज्यपालट आणि जमिनीचा हक्क

राज्य बदललें म्हणजे सर्व कांहीं बदललें, असा सामान्य समज असतो. दरबार जातो, निशाण बदलतें, नाण्यावरचा छाप बदलतो. परंतु सारा, कूळ, कर्ज व बाजार यांची जी व्यवस्था शेतकऱ्याच्या रोजच्या कामाची, ती एका हुकुमानें बदलत नाहीं. ती कशी बदलते, किती काळानें बदलते व बदलतांना कोणाचें काय जातें, हें समजून घेणें प्रत्येक खातेदाराच्या हिताचें आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस रशिया व पूर्व युरोपांतील देशांनीं साम्यवादी व्यवस्था सोडून बाजाराची व्यवस्था स्वीकारली, तेव्हां जगांतील अर्थशास्त्र्यांनीं या प्रश्नाचा पुष्कळ खल केला. आमच्या मराठवाड्यानें असाच एक पालट त्यांच्या चाळीस वर्षें आधीं अनुभविला आहे. महसुलाच्या दप्तरांत आमची हयात गेली असल्यामुळें त्या काळचीं पत्रकें आम्हीं हाताळलीं आहेत. म्हणून पालमकडील शेतकरी बंधूंपुढें हा विषय मांडीत आहों.

निजामाच्या हैदराबाद राज्यांत मुलखाचे तीन मोठे भाग होते. ज्याचा सारा सरकारांत भरे तो दिवाणी. खुद्द निजामाच्या खाजगी खर्चासाठीं राखलेला तो सर्फेखास. आणि सरदार-मानकऱ्यांस लावून दिलेला तो जहागिरीचा. अजमासें दहा भागांपैकीं सहा दिवाणी, एक सर्फेखास व तीन जहागिरी, असें त्यांचें प्रमाण होतें. मराठवाड्यांतील दिवाणी गांवांत मोजणी व आकारणी रयतवारीनें झालेली असल्यामुळें खातेदारास आपला सर्व्हे नंबर व आकार ठाऊक असे. मोठ्या जहागिरींत मात्र वसूल, न्याय व पोलिस एकाच घराच्या हातीं असत. दप्तर उर्दू, वर्ष फसली व रुपया हाली शिक्क्याचा. जुन्या कागदांशीं ज्यास काम पडतें त्यानें दोन हिशेब ध्यानांत ठेवावे. फसली वर्ष ऑक्टोबरांत सुरू होई. म्हणून त्या सनांत ऑक्टोबर ते डिसेंबरसाठीं ५९० व जानेवारीपासून पुढें ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. आणि हालीचे सात रुपये म्हणजे इंग्रजी मुलखांतील सहा.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाच्या फौजेनें शस्त्रें खालीं ठेविलीं आणि मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांचा लष्करी अंमल सुरू झाला. त्यानंतर कायदे भराभर आले. फेब्रुवारी १९४९ मध्यें सर्फेखास मुलूख दिवाणींत सामील झाला. १५ ऑगस्ट १९४९ च्या नियमानें जहागिरी रद्द झाल्या. १० जून १९५० पासून हैदराबादचा कूळकायदा अंमलांत आला. १९५५ मध्यें इनामें रद्द करण्याचा कायदा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. २६ जानेवारी १९६२ पासून जमीनधारणेस कमाल मर्यादा लागली, १ जानेवारी १९६३ पासून वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी संपली, आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून साऱ्या महाराष्ट्रास एकच जमीन महसूल संहिता लागू झाली. म्हणजे पहिल्या हुकुमापासून कायद्याची एकसूत्रता येईपर्यंत सुमारें अठरा वर्षें गेलीं.

यांतील जहागिरी रद्द होण्याचें काम त्या मानानें सोपें झालें, आणि कुळांचें काम अत्यंत अवघड गेलें. असें कां व्हावें? जहागिरदार हा सरकार व रयत यांच्या मधला होता. त्यास भरपाई ठरवून दूर केलें कीं सारा घेणारा हात तेवढा बदलला. शेत, बांध, कसणारा व पटवाऱ्याची वही जेथल्या तेथें राहिलीं. कूळकायद्याचें तसें नव्हतें. त्याची अंमलबजावणी प्रत्येक बांधावर व्हावयाची होती. ज्यानें ठराविक मुदतींत सलग सहा वर्षें जमीन कसली, तो संरक्षित कूळ ठरावा, त्यास सहजासहजीं काढतां येऊं नये, व पुढें ती जमीन विकत घेण्याचा हक्क त्यास मिळावा, असा कायद्याचा हेतु होता. परंतु सहा वर्षें कसल्याचा पुरावा कोणता? वहींतील नोंद. ती वही उर्दूंत. ती लिहिणारा गांवांतील वजनदारांच्या बैठकींतला. आणि कुळास तर आपली सहीहि करतां येत नसे.

याचा परिणाम काय झाला, तो ए. एम. खुसरो या अर्थशास्त्रज्ञांनीं हैदराबाद राज्यांत पाहणी करून १९५८ सालीं प्रसिद्ध केला. १९५१ मध्यें ज्यांस संरक्षित कूळ म्हणून मान्यता मिळाली, अशा शंभरांपैकीं चार वर्षांनंतर सुमारें पंचेचाळीसच त्या नात्यानें जमिनीवर उरले होते. बारांनीं जमीन विकत घेतली होती. कायद्यानें निघाले ते दोन-तीनच. पण कायद्याबाहेर काढले गेले ते बावीस, आणि ‘राजीखुषीनें’ हक्क सोडणारे सतरा-अठरा. ही राजीखुषी कसली, हें खेड्यांत राहणारास फोड करून सांगावयास नको. बी, बैल व पोटाला धान्य ज्याच्याकडून यावयाचें, त्याच्याशीं हक्काचा तंटा कोण घालणार? १९५१-५२ सालीं झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणींत असें आढळलें कीं, शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जांत सहकारी संस्थांचे रुपये तीनच होते, आणि सावकारांचे सुमारें सत्तर. हक्क कायद्यानें दिला, परंतु तो हक्क टिकविण्यास लागणारी पत दिली नाहीं. म्हणून ज्याची पत त्याचेंच शेत झालें.

आतां रशियाकडे पाहूं. तेथें जानेवारी १९९२ मध्यें बहुतेक मालाचे भाव मोकळे केले, आणि त्या एका वर्षांत किंमती पंचवीसपटींहून अधिक चढल्या. लोकांची शिल्लक बुडाली. त्याच वर्षीं सरकारी कारखान्यांत सर्वांस वांटा मिळावा म्हणून प्रत्येक नागरिकास दहा हजार रूबल दर्शनी किंमतीची एकेक चिठ्ठी दिली. गरजू लोकांनीं ती मिळेल त्या भावानें विकली व थोड्यांच्या हातीं मोठी मालमत्ता गोळा झाली. सामुदायिक शेतांवरील सुमारें सव्वा कोट लोकांस जमिनीच्या हिश्शाचे दाखले मिळाले. पण दाखल्यावर हिस्सा होता, जमिनीवर बांध नव्हता. शेतजमिनीच्या खरेदीविक्रीचा देशव्यापी कायदा २००२ सालीं झाला. तोंपर्यंत बहुतेकांनीं आपला हिस्सा जुन्याच संस्थेकडे, नांव बदललेल्या स्वरूपांत, राहूं दिला. आमच्याकडील ‘राजीखुषी’ आणि तेथील चिठ्ठीची विक्री हीं एकाच झाडाचीं फळें होत. कागदानें हक्क दिला; गरजेनें तो काढून घेतला.

उलट पोलंड देशांत १ जानेवारी १९९० पासून सुधारणा तितक्याच धडाक्यानें झाली, तरी तेथील शेतकरी समूळ उखडला नाहीं. त्याचें एक कारण असें कीं, साम्यवादी अमलांतहि तेथील सुमारें तीन-चतुर्थांश शेतजमीन खाजगी कुटुंबांकडेच राहिली होती. बांध, नोंद व वहिवाट मोडलेली नव्हती. चीननें तिसरी वाट धरली. १९७८ नंतरच्या पांच-सहा वर्षांत शेतें कुटुंबांकडे कसावयास दिलीं, ठरलेला भाग सरकारास घालून उरलेलें पीक कुटुंबाचें केलें, परंतु मालकी गांवाच्या समूहाकडेच ठेविली. उत्पन्न झपाट्यानें वाढलें. मात्र आपली म्हणून जमीन गहाण टाकण्याचा वा विकण्याचा अधिकार शेतकऱ्यास मिळाला नाहीं.

या सर्वांवरून आमच्या मतें एवढें सिद्ध होतें कीं, नव्या व्यवस्थेस चार पाय लागतात: स्पष्ट नोंद, जाग्यावरील मोजणी, वेळेवर मिळणारें कर्ज, आणि खुल्या मापाचा बाजार. यांपैकीं एक आखूड पडला तरी भार दुर्बळाच्या अंगावर येतो. बाजाराचीच गोष्ट घ्या. हैदराबाद राज्यांत शेतमालाच्या बाजारांसाठीं कायदा १३३९ फसलींतच झाला होता व महाराष्ट्राचा १९६३ सालीं झाला. १९७२ पासून सरकारनें कापसाची एकाधिकार खरेदी केली व २००२ च्या सुमारास तो एकाधिकार संपला. एका विक्रेत्या शेतकऱ्यापुढें कधीं अनेक व्यापारी, कधीं एकटें सरकार, व पुन्हां व्यापारी. परंतु भावाबद्दल घासाघीस करण्याचें बळ शेतकऱ्यांत एकजुटीनेंच यावयाचें, तें कोणत्याहि पालटानें आपोआप आलें नाहीं.

तेव्हां वाचकांनीं आपल्या घरचें दप्तर एकदां पाहावें, अशी आमची सूचना आहे. सातबारा हा साऱ्याच्या कामासाठीं ठेवलेला उतारा आहे. त्यांतील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरतात, पण ती स्वतः मालकी देत नाहीं. म्हणून खरेदीखत, वांटणीपत्र, फेरफाराच्या नकला व १९५४ च्या सुमाराचें खासरा पाहणीपत्रक जपून ठेवावें. वडिलांच्या पश्चात् तीन महिन्यांत वारसाची वर्दी द्यावी. जमीन ‘भोगवटादार वर्ग २’ अशी दाखल असेल, तर परवानगीवांचून व्यवहार करूं नये. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद खातेदारानें स्वतःच मोबाईलवर करावी, अशी सोय झाली आहे. पूर्वीं जी लेखणी दुसऱ्याच्या हातीं होती ती आतां आपल्या हातीं आली आहे, तिचा आळस करूं नये.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. या मासिकाचे वाचक बहुधा जमीनधारक आहेत. आज आपल्यांतील कित्येक घरांचीं शेतें बटाईनें दुसरा कसतो, आणि त्याचा करार तोंडी असतो. कुळाचा हक्क लागेल या भीतीनें आपण तो लिहीत नाहीं; परंतु त्यामुळें अवकाळी पावसानें पीक गेलें म्हणजे कसणाऱ्याचें नांव कोठेंच नसतें, आणि नुकसानभरपाई धन्याच्या खात्यांत जमा होते. अशा वेळीं ती रक्कम ज्याचें बी व घाम मातींत गेला त्याच्याशीं बरोबर वांटून घ्यावी, व ठरलेलें काय तें पेरणीपूर्वींच चार माणसांदेखत कागदावर आणावें. कायदा सरकारनें करावा. त्यांतील न्याय मात्र बांधावर आपणांसच करावा लागतो.