चाटण, सरबत आणि सिरप : श्वासविकारांवरील आयुर्वेदीय पाकांची परिभाषा आणि त्यांचा सुरक्षित वापर

मराठी घरात खोकल्यासाठी जे औषध बाटलीतून येते त्यास आपण ‘सिरप’ म्हणतो, आणि उन्हातून आलेल्या पाहुण्यास जे पेय देतो त्यास ‘सरबत’. हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूची अपत्ये आहेत. ‘श-र-ब’ म्हणजे पिणे. त्यापासून ‘शराब’ आणि ‘शरबत’. पैकी ‘शराब’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘सिरुपस’ झाला, फ्रेंचमध्ये ‘सिरो’ आणि इंग्रजीत ‘सिरप’. आणि सगळा प्रदेश फिरून तो वसाहतकाळात आपल्या औषधांच्या दुकानात येऊन बसला. ‘शरबत’ मात्र फारसीच्या मार्गाने थेट आपल्या स्वयंपाकघरात आले होते. या पेयांना घट्टपणा देणाऱ्या साखरेचा प्रवास उलट दिशेने झालेला आहे : संस्कृत ‘शर्करा’, फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’ आणि तेथून युरोपीय भाषा. द्रव्य पूर्वेकडून गेले आणि त्याच्या पाकाचे नाव पश्चिमेकडून परत आले.

आयुर्वेदाचा स्वतःचा शब्द याहून वेगळ्या क्रियेवर आधारलेला आहे. तेथे मुख्य कल्पना पिण्याची नसून चाटण्याची आहे. ‘लिह्’ म्हणजे चाटणे. त्यापासून ‘लेह’ आणि ‘अवलेह’. मराठीने त्याचे ‘चाटण’ केले. ग्रीक वैद्यकातील याच प्रकारच्या कल्पास ‘एक्लेइक्टॉन’ म्हणत; त्यातील धातू ‘लेइखो’ हा संस्कृत ‘लिह्’चा सख्खा भाऊ होय, आणि युरोपीय औषधकोशांतील ‘इलेक्चुअरी’ ही बहुधा त्याचीच विकृत संतती. युनानी वैद्यकातील ‘लऊक’ हा शब्दही चाटण्याच्याच अर्थाच्या, परंतु सेमिटिक धातूपासून आलेला. भोकरापासून केलेले ‘लऊक सपिस्तां’ आजही खोकल्यासाठी विकले जाते. तीन वैद्यकपरंपरांनी घशाच्या व छातीच्या विकारांत औषध गिळण्याऐवजी हळूहळू चाटावयास सांगितले, यात नुसता शब्दयोग नाही. चाटलेले औषध घशावर रेंगाळते, आणि चाटणारा एका वेळी फार घेऊ शकत नाही. ‘लेह’ या नावातच वापराची पद्धत सांगितलेली आहे. ‘सिरप’ या शब्दात ती राहिलेली नाही. पाण्यासारखे पातळ, गोड औषध झाकणातून घटकन पिता येते. (आधुनिक आयुर्वेदीय पाठ्यपुस्तकांत ‘शार्कर’ असा प्रतिशब्द आढळतो, परंतु तो वर्गाबाहेर रुजलेला दिसत नाही.)

प्रस्तुत लेखाचा विषय या नामांतरात जे हरवले ते आहे. वैद्यकीय ग्रंथांचा अभ्यास आपण साहित्याचे अभ्यासक सहसा करीत नाही, आणि वैद्यकाचे अभ्यासक त्यांच्या भाषेकडे पाहात नाहीत. या दोहोंच्या मधल्या जागेत रुग्ण उभा असतो.

शार्ङ्गधरसंहिता हा तेराव्या-चौदाव्या शतकातील ग्रंथ या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. चरकाने रोगांनुसार अध्याय रचले. शार्ङ्गधराच्या मध्यमखंडाची रचना कल्पांनुसार आहे : स्वरस, क्वाथ, फांट, हिम, कल्क, चूर्ण, गुटिका आणि आठव्या अध्यायात अवलेह. काढा पुन्हा आटवून जो घट्ट पाक होतो तो अवलेह. चूर्णाच्या चौपट साखर, गूळ असल्यास दुप्पट. पाक सिद्ध झाल्याच्या खुणा तो इंद्रियांच्या भाषेत देतो. तार सुटली पाहिजे, पाण्यात टाकलेला थेंब न विरघळता बुडाला पाहिजे, बोटांत दाबला असता बोटांच्या रेषा त्यावर उमटल्या पाहिजेत, आणि द्रव्यांचा गंध, वर्ण व रस प्रकट झाला पाहिजे. लाडवांसाठी एकतारी पाक करणारी कोणतीही गृहिणी ही परिभाषा न शिकता समजू शकेल. खोकला व दमा यांवरील कंटकारी-अवलेह याच अध्यायात आहे; कंटकारी म्हणजे आपली रिंगणी.

छंदाचा आणि मात्रेचा संबंधही पाहण्याजोगा आहे. सितोपलादी चूर्ण मराठी घरांत सर्वपरिचित. ते मध व तूप यांत कालवून चाटतात. त्यातील घटक खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १ असे आहेत. शेवटच्या द्रव्यापासून आरंभ करून प्रत्येक वेळी दुप्पट करीत गेले की कृती पुरी होते. पाच नावांचा क्रम लक्षात राहिला तर आकडे लक्षात ठेवावे लागत नाहीत. येथे पद्य हे अलंकरण नसून मोजमापाचे साधन आहे.

परंतु पद्यात सगळे मावत नाही, आणि याची जाणीव शास्त्रकारांना होती. म्हणून त्यांनी ‘अनुक्त’ म्हणजे न सांगितलेल्या गोष्टींविषयी नियम केले. काळ सांगितला नसेल तर सकाळ समजावी. वनस्पतीचे अंग सांगितले नसेल तर मूळ. प्रमाण सांगितले नसेल तर समभाग. पात्र सांगितले नसेल तर मातीचे. संहितेतील मौनाचे असे व्याकरण इतरत्र क्वचितच आढळते. वाचकाने भरावयाच्या रिकाम्या जागांविषयी पाश्चात्त्य समीक्षेने विसाव्या शतकात पुष्कळ लिहिले. येथे त्या जागा कशा भराव्यात हेच लिहून ठेवलेले आहे, आणि त्यात स्वातंत्र्य नाही. कारण चूक झाली तर अर्थाची हानी होऊन भागत नाही.

जुन्नर परिसराशी ज्याचे नाव परंपरेने जोडले जाते त्या लोलिंबराजाचे ‘वैद्यजीवन’ या बाबतीत टोकाचे उदाहरण होय. पाच विलासांच्या या छोट्या ग्रंथात तो औषधयोग आपल्या प्रियेस, रत्नकलेस, उद्देशून शृंगारिक संबोधनांत सांगतो. श्लोकाचा निम्मा भाग तिच्या डोळ्यांत आणि चालण्यात खर्च होतो. औषधासाठी उरते ती दोन-तीन नावे. हा चमत्कार विद्यार्थ्यांना फार आवडतो, आणि का आवडू नये? मात्र असा श्लोक ज्याच्या हाती पडे तो आधी परिभाषा शिकलेला असे, हे गृहीत धरल्यावाचून त्या काव्यास वैद्यक म्हणता येणार नाही.

अनुक्ताइतकाच धोका उक्तातही आहे, कारण नावे स्थिर नाहीत. एका नावामागे प्रदेशानुसार वेगवेगळ्या वनस्पती उभ्या असतात. ‘रास्ना’ म्हणून उत्तर भारतात प्लुचिया लॅन्सिओलाटा वापरतात, दक्षिणेत कुळंजनाच्या जातीचा कंद, आणि बंगालकडे झाडावर वाढणारे एक ऑर्किड. ‘तालीसपत्र’ हे तालीसादी चूर्णातील मुख्य द्रव्य; ते हिमालयातील अॅबीज वृक्षाचे पान मानले जाते, परंतु त्याच नावाने टॅक्सस म्हणजे थुनेर याची पानेही बाजारात येतात, आणि ती हृदयास विषारी आहेत. भाषांतराच्या वर्गात आपण समानार्थी शब्दांचा जो प्रश्न चर्चितो, तो येथे प्रत्यक्ष विषबाधेचा प्रश्न होतो. आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर शास्त्रीय लॅटिन नाव असावे हा आग्रह म्हणूनच निव्वळ पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणून धुडकावता येत नाही.

सर्वच नावे मात्र फसवी नाहीत. ग्रीकांनी ज्येष्ठमधास ‘गोड मूळ’ (ग्लिकिरायझा) म्हटले, संस्कृताने ‘यष्टिमधु’ म्हणजे गोड काठी. ‘ज्येष्ठमध’ हे त्याचेच मराठीतील रूपांतर. अडुळशाची कथा आणखी रंजक आहे. संस्कृत निघंटूंनी त्याच्या फुलाचा आकार पाहून ‘सिंहास्य’ म्हटले; तमिळ ‘आडातोडै’ म्हणजे शेळी ज्यास तोंड लावीत नाही ते. हेच तमिळ नाव लिनिअसच्या १७५३ च्या ग्रंथात ‘जस्टिशिया अधाटोडा’ म्हणून लॅटिनमध्ये स्थिरावले. एका भाषेने झाडाचे रूप टिपले, दुसरीने त्याचा कडूपणा. औषधाच्या दृष्टीने दुसरे नाव अधिक उपयोगी. अडुळशातील वासिसिन या द्रव्याच्या रचनेवरून पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध घडविण्यात आले आणि १९६० च्या दशकात जर्मनीतून प्रचारात आले. अॅलोपॅथीच्या अनेक खोकल्याच्या बाटल्यांत अशा रीतीने अडुळशाचा वंशज असतो.

सर्वाधिक सावधपणे वाचावयाचे नाव म्हणजे ‘कनकासव’. दम्यावर दिले जाणारे हे आसव. ‘कनक’ म्हणजे सोने, आणि ‘कनक’ म्हणजे धोत्रा. या श्लेषावर बिहारीने केलेला दोहा हिंदीच्या अभ्यासकांस ठाऊक आहेच. कनकासवातील कनक हे धोत्र्याचे होय. धोत्र्यातील अल्कलॉइडे श्वासनलिका सैल करतात, म्हणून त्याची योजना युक्त आहे. परंतु तीच तोंड कोरडे पाडतात, हृदयाची गती वाढवितात, काचबिंदूच्या व लघवी अडणाऱ्या रुग्णास घातक ठरतात. नाव ऐकून सुवर्णकल्प समजणारा ग्राहक काव्यात क्षम्य ठरेल, दम्यात नाही.

आता वापराविषयी काही स्पष्ट गोष्टी. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढविते आणि शरीरातील पोटॅशियम घटविते. रक्तदाब, मूत्रपिंड व हृदयाच्या रुग्णांनी, विशेषतः लघवीच्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी, ते असलेले पाक वैद्य व डॉक्टर या दोघांनाही सांगूनच घ्यावेत. वासिसिन गर्भाशयाचे आकुंचन घडवू शकते, म्हणून गर्भवतीने अडुळसा टाळावा. पिंपळी व मिरी यांतील पिपेरिन इतर औषधांचे शोषण वाढविते. हा गुण उपयोगीही आहे : जम्मू येथील संशोधनातून रिफॅम्पिसिनसह पिपेरिन असलेली क्षयरोगावरील संयुक्त गोळी २००९ मध्ये मान्य झाली. परंतु दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्या रुग्णात याच गुणामुळे औषध रक्तात प्रमाणाबाहेर चढू शकते. पिंपळी, क्षार व लवण यांचा अतिवापर करू नये, असे चरकाने विमानस्थानाच्या आरंभीच बजावले आहे, याचे स्मरण येथे उचित होईल.

आसव-अरिष्टांत किण्वनाने तयार झालेला मद्यार्क असतो, साधारणतः ५ ते १० टक्के. मुले, गर्भवती, यकृताचे रुग्ण यांच्यासाठी ‘वनस्पतीजन्य’ या शब्दाने तो नाहीसा होत नाही. अवलेहात साखर किती, हे वर आलेच. मधुमेही रुग्णास तेवढे पुरे. लेह व गुटिका वर्षभरानंतर हीनवीर्य होतात आणि आसव जुने तितके चांगले, असा शार्ङ्गधराचा निर्वाळा आहे. ग्राहक मात्र दोन्ही बाटल्या एकाच कपाटात सारख्याच काळ ठेवतो.

मधाचा प्रश्न नाजूक आहे. बालकाच्या मात्रेविषयी शार्ङ्गधर अत्यंत काटेकोर आहे : पहिल्या महिन्यात एक गुंज, पुढे वर्षापर्यंत दर महिन्यास एकेक गुंज वाढ, नंतर सोळाव्या वर्षापर्यंत माषाने वाढ, सत्तरीपर्यंत स्थिर, आणि मग बालकाप्रमाणे हळूहळू घट. वार्धक्यात औषध कमी करावे, हा विचार आधुनिक वैद्यकास फार उशिरा सुचला. परंतु त्याच ठिकाणी त्या तान्ह्या बालकासाठी दूध, मध, साखर व तूप यांत औषध कालवावयास सांगितले आहे, आणि मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात हे आज निश्चित ठाऊक आहे. एक वर्षाखालील मुलास मध चाटवू नये, मग तो औषधात असो वा बारशाच्या वाटीत. ग्रंथाचा आदर राखून त्यातील एक वाक्य बाजूस ठेवता येते. टीकाकारांच्या परंपरेने हे अनेकदा केले आहे.

नावांच्या राजकारणाचे सर्वांत विलक्षण उदाहरण अमेरिकेतील आहे. १९३७ मध्ये ‘एलिक्झिर सल्फानिलामाइड’ या औषधाने १०५ जणांचा बळी घेतला. त्यात विद्रावक म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल वापरले होते. तत्कालीन कायद्यानुसार सरकारला ते जप्त करता आले, ते केवळ ‘एलिक्झिर’ म्हणजे मद्यार्कयुक्त द्रव असा अर्थ असून त्यात मद्यार्क नव्हता म्हणून. बाटलीवर ‘द्रावण’ असे लिहिले असते तर कायदा मोडला नसता. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून आले आणि १४ रुग्ण दगावले. त्यातून लेंटिन आयोग नेमला गेला. २०२२ मध्ये गांबियात सुमारे ७० बालके गेली, आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात वीसहून अधिक. ही सर्व औषधे अॅलोपॅथीची होती, म्हणून धास्तावलेल्या पालकांनी आयुर्वेदीय बाटलीकडे वळणे स्वाभाविक आहे. पण दोष सिद्धांताचा नव्हता, विद्रावकाचा होता. ज्या वनस्पतीजन्य सिरपात साखरेऐवजी ग्लिसरीन, सॉर्बिटॉल किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल आहे, त्याची तपासणीही तितकीच कठोर हवी. घरी त्याच दिवशी केलेल्या काढ्यास हा धोका नाही, त्याला वनस्पती ओळखण्याचा धोका आहे.

चरकाने कासाचे पाच प्रकार केले; त्यांत क्षयज कास वेगळा काढला. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, थुंकीतून रक्त, धाप, बालकाच्या फासळ्या आत ओढल्या जाणे किंवा ओठ निळसर होणे, यांपैकी काहीही आढळल्यास चाटण बाजूस ठेवून तपासणी करावी. दम्याच्या रुग्णाने पाक सुरू केला म्हणून श्वासातून घ्यावयाचे औषध थांबवू नये.

बाटलीवर छापलेला मजकूर हा आजचा ‘उक्त’ आहे. धोत्रा, बचनाग, अफू इत्यादी द्रव्ये औषध नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टात आहेत, आणि ती असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना ठळक असणे बंधनकारक आहे. ही सूचना कोणत्या भाषांत असावी हेही नियमाने सांगितले आहे : इंग्रजी आणि हिंदी. कनकासवाची बाटली कोल्हापुरात, मदुराईत आणि सिल्चरमध्येही विकली जाते.