शेतकऱ्याच्या घरचा आठवड्याचा सोपा स्वयंपाक

पेरणीपासून पीक खळ्यावर येईपर्यंत त्याची निगा कशी राखावी, याचा विचार या मासिकात नेहमी होत असतो. परंतु तेच पीक खळ्यावरून आपल्या घरच्या चुलीपर्यंत कसे पोचते, किंबहुना पोचते की नाही, याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हणून रोजच्या शाकाहारी स्वयंपाकासंबंधी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. हा विषय बायकांचा आहे असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये, अशी आमची विनंती आहे. कारण डाळ घरात ठेवावयाची की बाजारात न्यावयाची, हा निर्णय बहुतेक घरी पुरुषच करतात.

आमची सारी नोकरी सोलापूर जिल्ह्यातील तालुका कचेऱ्यांत महसुलाच्या कामी गेली. पिकांच्या पाहणीच्या वेळी अधिकाऱ्यांबरोबर खेडोपाडी जावे लागे, आणि गाव नमुना बारामधील तूर, हरभरा, मटकी, हुलगा यांच्या नोंदी आम्ही स्वतः ताडून पाहत असू. दुपारी एखादा खातेदार आग्रहाने जेवावयास बसवी. तेथे पुष्कळ वेळा असे आढळे की, ज्याच्या नावावर दोन एकर तूर लागलेली आहे, त्याच्या घरी डाळ मात्र वाण्याकडून पाव किलोच्या पुडीने येत आहे! तूर निघताच ती सर्वच्या सर्व आडतीवर जाते, देणेकऱ्यांची तोंडे बंद होतात, आणि पुढे आषाढ-श्रावणात तीच तूर डाळ होऊन, दळणाळ्याचा, व्यापाऱ्याचा व दुकानदाराचा नफा अंगावर घेऊन, चढ्या भावाने परत घरी येते. महाग पडते म्हणून ती थोडी आणली जाते, आणि आमटी दिवसेंदिवस पातळ होत जाते. कागदावरील पीक आणि ताटातील वाढप यांचा मेळ बसत नाही, ही गोष्ट आम्ही तीस वर्षे पाहिली. परंतु तिचा अर्थ आम्हांस आमच्याच घरात कळला.

सेवानिवृत्त होऊन आम्हांस अद्याप वर्ष झालेले नाही. घरी आलो त्याच पावसाळ्यात आमचे कुटुंब आजारी पडले. काम करिता करिता चक्कर येई, दम लागे. डॉक्टरांनी रक्त तपासून ते फार कमी झाल्याचे सांगितले, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सहा आठवडे चुलीपाशी उभे राहू नये असे बजाविले. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या आहेत. तेव्हा ही गोष्ट आमच्या एकट्या घरची नव्हे. आम्ही सौभाग्यवतीस विचारले, "तू दोन्ही वेळा जेवत होतीस ना?" ती म्हणाली, "अहो, जेवत होते. पण तुम्हां सर्वांचे झाल्यावर भाजी उरायची कुठे? भाकरी आणि चटणी असायचीच की." या उत्तराने आम्हांस जी शरम वाटली ती येथे लिहून दाखविण्यासारखी नाही. ताटात दोन भाज्या, आमटी व कोशिंबीर असल्याखेरीज जेवण झालेसे आम्हांस वाटत नसे. आणि त्या चार पदार्थांपायी करणारी मात्र थकून जाई व शेवटी कोरडी भाकरी खाई.

त्या सहा आठवड्यांत आम्ही व आमची सून मिळून स्वयंपाक केला. सून शेतावर जाणारी. सायंकाळी सहाच्या सुमारास घरी येणार. जुन्या सवयीप्रमाणे आम्ही एक वही घातली आणि पदार्थ, लागलेला वेळ व उरलेले अन्न यांची रोज नोंद केली. पहिल्या दिवशी सायंकाळच्या स्वयंपाकास दोन तास दहा मिनिटे लागली. पाचव्या आठवड्यात तेच काम सरासरी पन्नास मिनिटांत उरकू लागले. यात आमचे कौशल्य काही नाही. वेळ जातो तो "आज काय करावे" या विचारात, आयत्या वेळी डाळ-कडधान्य शोधण्यात आणि एकाच ताटासाठी अनेक भांडी चढविण्यात. वार ठरले, कडधान्य आधी भिजत पडले आणि ताटात भाकरी, एक डाळीचा किंवा कडधान्याचा पदार्थ व काहीतरी हिरवे किंवा आंबट एवढेच ठेवावयाचे ठरविले की, काम आपोआप हलके होते.

एवढ्याने पोषण होईल काय, अशी शंका कोणी घेईल. ज्वारी-बाजरीतील प्रथिनांत जो अंश उणा असतो तो डाळींत भरपूर असतो, आणि डाळींत जो उणा असतो तो धान्यात असतो. म्हणून भाकरी व डाळ एकत्र खाल्ली असता दोन्हींचे चीज होते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, तर तेवढ्याच तुरीच्या डाळीत किंवा हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. कडधान्यास मोड आणल्याने ते पचावयास हलके होते व त्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते. वर लिंबू पिळावे. त्यानेही लोह अधिक शोषले जाते. उलट जेवणावर लगेच चहा घेतल्याने लोहाचा मोठा भाग वाया जातो. जेवण व चहा यांत तासाभराचे अंतर असावे. अर्थात रक्त फार उतरले असेल तर केवळ आहारावर विसंबू नये. डॉक्टरांच्या गोळ्या पुऱ्या कराव्यात.

आता आमच्या वहीतील आठवडा देतो. प्रमाण लहानमोठ्या पाच माणसांचे आहे. ज्यांच्या घरी एखाद्या वाराचा उपवास असेल त्यांनी वार अदलून घ्यावेत.

सोमवार. मोडाच्या मटकीची उसळ. रविवारी सकाळी दोन वाट्या मटकी भिजत घालावी, सायंकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवावी. सोमवारी सायंकाळपर्यंत मोड येतात. थंडीत एक रात्र अधिक लागते, म्हणून त्या दिवसांत शनिवारी रात्री भिजवावी. कांद्याची फोडणी, हळद, तिखट व मीठ घालून, झाकणावर पाणी ठेवून पंधरा ते वीस मिनिटे शिजवावी. वर लिंबू.

मंगळवार. तुरीच्या डाळीच्या चकोल्या. सकाळी दीड वाटी डाळ शिजवून निम्मीचे वरण करावे. सायंकाळी उरलेली पातळ करून, तीत चिंच, गूळ व काळा मसाला घालून उकळी आणावी आणि कणकेच्या लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून एकेक सोडावेत. वेगळी भाकरी लागत नाही. उन्हाळ्यात मात्र सकाळची शिजलेली डाळ सायंकाळपर्यंत आंबते. त्या दिवसांत ती सायंकाळीच शिजवावी.

बुधवार. अंबाडीची भाजी. पाला उकडून पिळून घ्यावा, म्हणजे फाजील आंबटपणा जातो. अर्धी वाटी तुरीची डाळ व मूठभर ज्वारीच्या कण्या शिजवून त्यांत तो पाला घोटावा आणि वरून लसणाची सढळ फोडणी द्यावी. अंबाडी नसेल तेव्हा मेथी, शेपू किंवा शेवग्याचा कोवळा पाला मुगाच्या डाळीबरोबर परतावा. शेवग्याचे झाड बांधावर असून त्याचा पाला शेळीपुढे टाकणारी घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. त्यांनी हा प्रयोग अवश्य करावा.

गुरुवार. हुलग्याचे शेंगोळे. दोन वाट्या हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, वाटलेला लसूण, जिरे, तिखट, हळद व मीठ घालून घट्ट मळावे. हातावर बोटाएवढ्या जाड वळ्या करून त्यांची कडी करावीत. लसणाच्या फोडणीत सात वाट्या पाणी उकळून त्यांत ती सोडावीत आणि वीस मिनिटे शिजू द्यावीत. एकाच भांड्यात जेवण तयार होते, आणि पावसाळ्यात शेतावरून भिजून आलेल्या माणसास यासारखे दुसरे अन्न नाही. हुलगा हे गरिबाचे व बैलाचे खाणे अशी एक समजूत आहे. ती आपण जितकी लवकर टाकू तितके बरे.

शुक्रवार. पिठले. आमच्या गावचा हा बाजाराचा वार, म्हणून सर्वांत झटपट होणारा पदार्थ या दिवशी ठेविला आहे. एक वाटी हरभऱ्याच्या डाळीचे पीठ साडेतीन वाट्या पाण्यात गुठळी न राहू देता कालवावे. कांदा, लसूण व हिरवी मिरची यांच्या फोडणीत ओतून ढवळीत राहावे व मंद आचेवर दहा मिनिटे वाफ द्यावी. कच्चा कांदा व शेंगदाण्याची चटणी सोबत असावी.

शनिवार. मुगाच्या डाळीची खिचडी व ताकाची कढी. दोन वाट्या तांदुळास एक वाटी सालीची मुगाची डाळ घ्यावी. खिचडी कुकरमध्ये शिजत असतानाच कढी होते.

रविवार. धपाटे व दही. ज्वारीचे पीठ दोन भाग, हरभऱ्याचे व गव्हाचे मिळून एक भाग, त्यांत तीळ, लसूण व चिरलेली मेथी. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकावेत. त्या दिवशी मुले घरी असल्यामुळे थापावयास हात पुष्कळ मिळतात. मुलगे व मुली असा भेद आम्ही यात ठेविला नाही.

रोजच्या कामात सर्वांत अधिक वेळ भाकरीस लागतो. आमच्या भागातील कडक भाकरी या बाबतीत फार उपयोगी आहे. आठवड्यातून एकदा त्या करून, नीट वाळवून डब्यात ठेविल्या असता पुष्कळ दिवस टिकतात, आणि एखाद्या दिवशी घरधनीण थकली असता आमटीत कुस्करून सर्वांचे भागते. मालदांडी ज्वारीच्या अशा भाकरीस तर दुसऱ्या तोंडीलावण्याचीही गरज पडत नाही. आम्हांस स्वतःला भाकरी थापणे अद्याप नीट साधलेले नाही. तिचा आकार पाहून नातवंडे हसतात. परंतु पीठ मळणे, कांदा चिरणे, कडधान्य निवडून भिजविणे व भांडी घासणे ही कामे कोणत्याही पुरुषास पहिल्या दिवसापासून येतात, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

हे सर्व साधावयाचे तर कडधान्य घरात पाहिजे. आमच्या वहीवरून पाच माणसांस रोज सुमारे ३०० ग्रॅम डाळ-कडधान्य लागले; म्हणजे वर्षास सुमारे ११० किलो. तुरीच्या एका क्विंटलाची भरडून साधारण ७० किलो डाळ पडते. तेव्हा एक क्विंटल तूर आणि बाकीचे ४० किलो हरभरा, मूग, मटकी व हुलगा मिळून एवढे धान्य घरी ठेविले असता वर्षाची बेगमी होते. दोन एकर तूर करणाऱ्यास एवढे राखणे जड नाही. ज्याच्याकडे हुलगा-मटकी होत नाही, त्याने बाजरीत किंवा तुरीत चार तासे घालावीत. या पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत साठवितात, म्हणजे तेथे पुढील पिकाचाही फायदाच आहे.

साठवणीत भुंग्याची भीती असते. धान्य कडक उन्हात तीन-चार दिवस वाळवून, दाताखाली कट्‌कन फुटेल असे झाल्यावर, पूर्ण निवू द्यावे आणि मगच कोठीत भरावे. गरम धान्य भरल्यास वाफ धरते. हुलगा-मटकीस चाळलेली कोरडी राख चोळावी. डाळीस एरंडेलाचा हलका हात द्यावा. वापरण्यापूर्वी ती धुतली की वास राहत नाही. कोठी जमिनीपासून वर, भिंतीपासून हातभर दूर असावी आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून पाहावी.

संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे वर्ष कडधान्यांचे आणि २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळिले. शहरांतून ज्वारी-बाजरीचे पदार्थ मोठ्या कौतुकाने खाल्ले जाऊ लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु जो ती पिकवितो त्याच्याच घरी आमटी पातळ राहावी, यासारखी विपरीत गोष्ट नाही.

आमच्या कुटुंबाची प्रकृती आता सुधारली आहे. गोळ्यांचा गुण आहेच. पण त्याबरोबर घरात एक नियम झाला आहे तोही लिहितो. सायंकाळी सर्वांनी एकदम बसावयाचे, आणि उसळ किंवा आमटी प्रथम पाच वाट्यांत सारखी वाढून मगच भाकरीस हात लावावयाचा. अन्न तेवढेच, वाटणी तेवढी बदलली. यास एक पैही खर्च येत नाही.

येत्या हंगामात तूर निघाली म्हणजे गाडी भरण्यापूर्वी वाचकांनी तराजू अंगणात लावावा, घरातील माणसे मोजावीत आणि वर्षाचे धान्य प्रथम कोठीत टाकून उरलेले बाजारास न्यावे. सरकारदेणे व सावकारदेणे चुकविल्याखेरीज सुटका नाही, हे आम्ही जन्मभर लोकांस सांगत आलो. परंतु घरच्या चुलीचेही आपण काही देणे लागतो, आणि ते आजवर थकीत राहिले आहे, एवढे येथे नमूद करून हा लेख पुरा करतो.